शेफ व्हायचंय, पण कॉलेज कोणतं?

मी करिअर समुपदेशक. एप्रिल-मे आला की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे घरंच्या घरं येतात: "मुलाला शेफच व्हायचंय, कॉलेज कोणतं घेऊ?" ओंकार (नाव बदललं आहे) अकरावीची परीक्षा देऊन आला होता. सोबत साखर कारखान्यात क्लार्क असलेले वडील आणि दहा लाख फीच्या खासगी डिप्लोमाचं गुळगुळीत माहितीपत्रक. आत्ताच सीट धरली तर फीत सूट होती.

"मॅडम, एवढे पैसे ओतून शेवटी आचारीच ना?"

"बाबा, तिथली मुलं परदेशात जातात."

दोघं भांडत होते फीवरून, पण मला ऐकू येत होती ती लाज. 'मुलगा काय करतो?' याला वडिलांकडे उत्तर नव्हतं आणि ओंकार ते चकचकीत इमारतीकडून विकत घेऊ पाहत होता. अशा वेळी मी कल चाचणीचे कागद काढत नाही. आवड बोलून कळत नाही, राबून कळते, या मताची मी आहे. ओंकारला सुट्टीत ओळखीच्या केटररकडे कामाला पाठवलं. अट एकच: रोज काय केलं ते वहीत लिहायचं.

पुढच्या भेटीत तो वही उघडून बोलू लागला. "पहिला आठवडा नुसतं सोलणं-चिरणं. मग वस्तादांनी पाच किलो कांदा परतायला दिला. घरी पाव किलोला दहा मिनिटं लागतात. इथे पाऊण तास लागला. एवढ्या कांद्याला आधी पाणीच सुटतं. ते आटेपर्यंत रंग धरत नाही. घाईने आच वाढवली तर खालचा करपला, वरचा कच्चाच."

वडील खुर्चीत पुढे सरकले. "मग मीठ कधी घातलंस?"

"आधीच. पाणी लवकर सुटतं."

मी मुद्दाम गप्प राहिले. त्या घरात स्वयंपाकावर बाप-लेकाचं हे पहिलंच बोलणं असावं. तो कौतुक मागत नव्हता, कामाबद्दल सांगत होता. वडील त्याचं भविष्य नाही, काम विचारत होते. माझ्या लेखी केस तिथेच सुटली. उरला हिशोब.

दहा लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, सात वर्षं: महिन्याचा हप्ता जवळपास १६,८६० रुपये. हॉटेलात सुरुवात कॉमी, म्हणजे शेफच्या हाताखालचा नवशिका, म्हणून होते आणि तिथला पहिला पगार बऱ्याचदा १५ ते २० हजारांच्या घरात असतो. ओंकारनेच वजाबाकी केली.

मग पर्याय मांडले. दादरचं १९५४ सालचं आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) किंवा गोव्यात पर्वरीचं, अशा सरकारी संस्थांत बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांची पदवी. राज्याच्या सीईटीतून चार वर्षांचं बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटचीच पदवी. पण या पदव्यांत स्वयंपाकघर हा एक भाग असतो. सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंगही शिकावं लागतं. फक्त स्वयंपाकच करायचा असेल तर फूड प्रॉडक्शनचा, म्हणजे निव्वळ रांधण्याचा, क्राफ्ट कोर्स किंवा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड दहावीवरही चालतो. त्याला कमी लेखणारे पालक मला रोज भेटतात आणि मी रोज वाद घालते. मात्र पुढे व्यवस्थापनात किंवा परदेशी शिक्षणाला जायचं असेल तर पदवी हवी.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा रिसेप्शनवर रेंगाळू नका. प्रॅक्टिकल चालू असताना किचन दाखवा म्हणा. प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी आहे, की सहा जणांत एक कढई? सामान माणशी मिळतं, की एक जण रांधतो नि पाच जण लिहून घेतात? पन्नास-शंभर माणसांचा स्वयंपाक आठवड्यातून किती वेळा होतो? गेल्या बॅचच्या मुलांना गाठून विचारा, हॉटेलातल्या ट्रेनिंगचे महिने किचनमध्ये गेले की खोल्या आवरण्यात? पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते लेखी घ्या. गणवेश, सुऱ्यांचा संच, वसतिगृह फीत धरलंय का? आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हटलं की हुद्दा नि पगार विचारा.

दोघं तीन कॉलेजं पाहून आले. शेगड्या वडिलांनी मोजल्या होत्या. सूट देणाऱ्या कॉलेजने प्रॅक्टिकल दाखवायला नकार दिला, म्हणून ते यादीतून गेलं. ओंकार आता बारावीसोबत दोन्ही प्रवेश परीक्षांची तयारी करतोय आणि दर रविवारी केटररकडे जातो. कुठेच नंबर लागला नाही तर क्राफ्ट कोर्स, हे वडिलांनीच सुचवलं.