जूनच्या आधी खाणीचं पाणी बघून घे

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या ओपनकास्टवर, म्हणजे उघड्या कोळसा खाणीवर, नवीन लागलास ना, मग पंपाच्या आधी ओबीच्या (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या) ढिगाऱ्याभोवतीचे नाले चालून बघ. बाहेरचं पावसाचं पाणी खाणीत उतरलंच नाही, तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

सेटलिंग पाँडचा, म्हणजे खाणीच्या पाण्यातला गाळ खाली बसवायच्या तळ्याचा, गाळ मेमध्येच उपसून घे. जूनमध्ये जेसीबी रुततो, आणि भरलेल्या पाँडमधून पाणी नुसतं धावत सुटतं, गाळ बसायला वेळच मिळत नाही. माझं एक वर्ष असंच गेलं. नाल्याला अगदी चहाचा रंग!

बाहेर सोडायच्या पाण्यात निलंबित घन पदार्थ (पाण्यात तरंगत राहणारे बारीक कण) लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत हवेत, पीएच 5.5 ते 9. हा पीएच रोज स्वतः मोज. कोळशात पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं. पाणी काचेसारखं नितळ दिसतं, पण आंबट असतं. चुना घालायचा तो पाँडच्या आधी, थोडा थोडा. विरघळलेलं लोह तांबूस गाळ होऊन पाँडमध्येच बसतं.

वर्कशॉपचं तेलकट पाणी यात मिसळू देऊ नकोस. आणि धूळ दाबायला टँकर भरशील तो संपातूनच, म्हणजे खाणीच्या तळाला पाणी साठतं त्या खड्ड्यातूनच; बोअरवेलवरून भरलेला मला तरी बघवत नाही.