सेमिस्टर, तिमाही की वार्षिक पद्धत: विद्यार्थ्यांवरचा ताण कशाने ठरतो?

विषय तेच असले तरी शैक्षणिक वेळापत्रक बदलले की अभ्यासाचा भार निराळ्या रीतीने अंगावर येतो. सेमिस्टर साधारण 15 आठवड्यांचे असते, तर तिमाही सत्र साधारण 10 आठवड्यांचे. त्यामुळे तिमाहीत एका वेळी विषय कमी असले, तरी मध्यसत्र परीक्षा पाचव्या आठवड्याच्या सुमारासच येऊन ठेपते आणि आजारपणात एक आठवडा बुडाला, तर सत्राचा दहावा हिस्सा हातचा जातो. वार्षिक पद्धतीत विषय मुरायला वेळ मिळतो, पण बहुतेक भिस्त शेवटच्या परीक्षेवर असल्याने अभ्यास पुढे ढकलला जातो.

माझ्या मते मात्र सत्राच्या लांबीपेक्षा कामांची मांडणी अधिक महत्त्वाची आहे. स्मरणशक्तीवर प्रयोग करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवून दिले होते की, सलग एका बैठकीतील पाठांतरापेक्षा काही दिवसांत विभागून केलेली उजळणी कमी श्रमात साधते. असे असताना चार-पाच विषयांचे प्रकल्प, प्रात्यक्षिकांच्या वह्या आणि तोंडी परीक्षा शेवटच्या पंधरवड्यात कोंबल्या जाव्यात, हे मला खरोखर खटकते. प्राध्यापकांनी सत्रारंभीच एकत्र बसून कामे सादर करण्याच्या तारखा ठरवाव्यात आणि परीक्षेपूर्वीची अभ्यासाची सुट्टी उरलेला अभ्यासक्रम उरकण्यासाठी वापरू नये.