गोड वाइन चाखताना

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

गोड वाइन म्हणजे नवशिक्यांचं पेय, असं तुला जळगावात कुणीतरी सांगितलंय. ते डोक्यातून काढ. जगातल्या अत्यंत कष्टाने बनणाऱ्या काही वाइन गोडच आहेत.

फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या सोतेर्न भागात सिरों ही गार पाण्याची लहानशी नदी गारोनला मिळते. त्यामुळे शरदात पहाटे धुकं दाटतं आणि त्या ओलाव्यात पिकलेल्या सेमियों द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते. दुपारच्या उन्हाने ती आटोक्यात राहते. सालीला बारीक छिद्रं पडतात, पाणी उडतं, साखर आणि आंबटपणा दोन्ही दाट होतात. आपला बागायतदार बुरशी दिसली की फवारणीला धावतो. तिथले लोक तिची वाट पाहतात आणि सुरकुतलेले मणी तेवढे वेचत त्याच बागेत पुन्हा पुन्हा फिरतात. शातो दिकेम या तिथल्या नामांकित वाइनरीत एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास निघतो, असं म्हणतात. किंमत का चढते, ते यातच आलं.

चाखताना आंबटपणा शोध. हंगेरीच्या तोकाय आसू या गोड वाइनमध्ये लिटरला किमान 120 ग्रॅम साखर असते, तरी ती चिकट लागत नाही. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं तर वाइन चांगली. नुसता पाक जिभेवर राहिला तर दुसरी बाटली बघ.

पोर्ट या पोर्तुगालच्या गोड वाइनमध्ये रस आंबत असतानाच द्राक्षाचं स्पिरिट ओततात. साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट मरतं, साखर उरते. अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास, म्हणून बेतानेच.

तू सुरुवात नाशिकच्या लेट हार्वेस्ट शनँ ब्लाँपासून कर, म्हणजे शनँ ब्लाँ जातीची द्राक्षं उशिरा तोडून केलेल्या गोड वाइनपासून. आपल्याकडच्या मे महिन्यात बाटली कपाटात ठेवू नकोस, फ्रिजमध्येच ठेव. 8 ते 10 अंशांवर, लहान ग्लासात, 60 मिली पुरे.

खापरावरच्या मांड्यांबरोबर मात्र घेऊ नकोस. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन पातळ आणि आंबट लागते. पुरणापुढे तिचा टिकाव लागत नाही. त्यापेक्षा केळीचे खारे वेफर घे, मिठाने गोडवा खुलतो. शेवभाजीचा बेत असेल तर इटलीची मोस्कातो दास्ती मिळते का बघ. तिच्यात अल्कोहोल 5 टक्क्यांच्या आसपासच, त्यामुळे तिखट भडकत नाही, उलट निवतं.

पहिली बाटली अर्धीच, 375 मिलीची घे. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये काही दिवस चांगली राहते.

तुझा मामा