ईव्ह्ज पुडिंग: वरून खरपूस, आतून कच्चं असं का होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटिश कृती तंतोतंत पाळून ईव्ह्ज पुडिंग केलं, म्हणजे खाली सफरचंद आणि वर स्पंज केक. रॉयल सफरचंदं, २८ लिटरचा ओटीजी (वर-खाली तापणारे रॉड असलेला छोटा विजेचा ओव्हन), १८० अंश, ३५ मिनिटं. वरून रंग सुरेख आला, पण चमचा घातल्यावर केकखाली चिकट, कच्चट थर निघाला आणि भांड्याच्या तळाशी पाणी. शिवाय घरात अंडं न खाणारी माणसं आहेत, तर बिनअंड्याचं जमेल का?

जमेल. पण आधी त्या पाण्याकडे बघू, कारण बिनअंड्याच्या केकला ते जास्तच बाधतं.

तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. कृती ज्या सफरचंदासाठी लिहिली आहे ते तुमच्याकडे नव्हतं, इतकंच. इंग्लंडमध्ये पुडिंगसाठी ब्रॅम्ली हे खास शिजवायचं सफरचंद घेतात. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने पेरलेल्या बीपासून त्याचं मूळ झाड आलं. ब्रॅम्ली कच्चं खाववत नाही इतकं आंबट असतं, आणि चुलीवर चढवलं की काही मिनिटांत फुलून त्याचा मऊ गर होतो. तो गर स्वतःचं पाणी स्वतःतच धरून ठेवतो, म्हणून केकच्या खाली दाटसर, सलग थर बसतो. आपल्याकडचं रॉयल किंवा कुठलंही लाल डिलिशस याच्या अगदी उलट वागतं. फोड तशीच राहते आणि पाणी मात्र बाहेर येतं. त्यात ब्रिटिश कृतीतली ७५-१०० ग्रॅम साखर ब्रॅम्लीचा आंबटपणा मोडायला दिलेली असते. ती गोड रॉयलवर घातली की आणखी पाणी सुटतं आणि भांड्यात सरळ पाक तयार होतो.

आता हा पाक केकचं काय करतो ते बघा. सफरचंदाच्या थरात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांवर जात नाही, आणि फोडी गार असतील तर तिथवर पोचायलाच वीसेक मिनिटं जातात. तेवढ्यात वरच्या रॉडने केकची वरची बाजू भाजून रंग धरलेला असतो. खालची बाजू गोड पाक पिऊन बसते. साखर जास्त झाली की मैद्यातला स्टार्च आणि अंडं दोन्ही घट्ट व्हायला जास्त तापमान लागतं. म्हणजे जिथे उष्णता सगळ्यात कमी पोचते, तिथेच ती सगळ्यात जास्त हवी असते. अशा केकला दहा मिनिटं वाढवून दिली तरी वरचा भाग कोरडा पडतो आणि खालचा थर तसाच राहतो. उपाय भट्टीत नाही, कढईत आहे: सफरचंद आधी शिजवून, आटवून, गरम असतानाच भांड्यात घालायचं.

सफरचंद कुठलं घ्यावं? बाजारात हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळत असेल तर दोन भाग ते आणि एक भाग रॉयल किंवा गोल्डन. ग्रॅनी स्मिथ आंबटपणा देतं, गोल्डन लवकर विरघळून फोडींमधल्या फटी भरतं, रॉयल वास देतं. नुसतं रॉयलच असेल तरी चालतं, साखर निम्मी करा आणि लिंबू वाढवा. ताजं फळ साधारण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत मिळतं. एप्रिल-मेमध्ये शीतगृहातून आलेलं लाल सफरचंद बरेचदा आतून पिठूळ झालेलं असतं, ते या पुडिंगला घेऊ नका. त्याच्या फोडी ना धड आकार धरतात ना त्यांचा गुळगुळीत गर होतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मंडळींनी मात्र सरळ ब्रॅम्लीच घ्यावं, साखर ७५ ग्रॅम ठेवावी आणि लिंबू वगळावं.

२० सेंटिमीटरचं, पाच-सहा सेंटिमीटर खोल भांडं, चार ते सहा माणसांना पुरेल असं प्रमाण देतो. सफरचंदाच्या थराला: सालासकट ७०० ग्रॅम फळ (सोलून, बिया काढून साडेपाचशे उरतं), साखर ४० ग्रॅम, लोणी २० ग्रॅम, लिंबाचा रस १ टेबलस्पून, दालचिनीची पूड पाव टीस्पून. फक्त रॉयल असेल तर साखर २० ग्रॅम आणि रस २ टेबलस्पून. आपल्याकडे दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक वेळा जाड सालीची, तिखट जातीची असते, त्यामुळे परदेशी कृतीतला एक टीस्पून इथे घातला तर सफरचंदाची चवच हरवते. जायफळ चिमूटभर चालेल. वेलची नको, तिने हे पुडिंग शिऱ्याकडे झुकतं.

केकला: लोणी १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, अंडी २, मैदा १०० ग्रॅम, बेकिंग पावडर १ सपाट टीस्पून, दूध १ ते २ टेबलस्पून, व्हॅनिला अर्धा टीस्पून. आपली अंडी ब्रिटिश अंड्यांपेक्षा लहान असतात, कवच काढून ४५ ग्रॅमच्या आसपास, दूध त्यासाठीच आहे. अमूलचं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, ते वापरलंत तर वेगळं मीठ घालू नका. मैद्यातला २५ ग्रॅम कमी करून तेवढी बदामाची पूड घातली तर केक जास्त ओलसर आणि खमंग होतो. हा बदल मनापासून सुचवावासा वाटतो.

सफरचंद सोलून दीड सेंटिमीटरच्या फोडी करा. किसू नका, किसलं की सगळं पाणी एकदम सुटतं. फोडी काळ्या पडतील म्हणून मिठाच्या पाण्यातही टाकू नका. केकखाली रंग दिसत नाही, पाणी मात्र नक्की जातं. पसरट स्टीलची किंवा नॉनस्टिक कढई घ्या. लोखंडाच्या कढईत आंबट फळ काळं पडतं आणि धातूची चव येते. लोणी वितळलं की फोडी टाकून मध्यम आचेवर तीन मिनिटं झाकण ठेवा. मग झाकण काढा, साखर घाला आणि आच थोडी वाढवून सहा-सात मिनिटं परतत राहा. लिंबाचा रस अगदी शेवटी घाला. आंबट रसात फोडी लवकर मऊ होत नाहीत, आधी घातला तर आतून करकरीत राहतात. उलथनं कढईच्या तळावरून ओढलं की वाट पडावी आणि तिच्यात रस परत वाहून येऊ नये, ही खूण. वजनकाटा असेल तर सगळं मिळून पाचशे ग्रॅमच्या आसपास यायला हवं. सहाशे भरत असेल तर अजून आटवा.

भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं. केकचा नुसता अ‍ॅल्युमिनियमचा डबा इथे नको, कारण आंबट फळ त्याला धरतं. भांड्याला लोणी लावून गरम सफरचंद पसरा आणि मिश्रण घालेपर्यंत गरम ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवून द्या.

ओटीजी १७५ अंशांवर, दोन्ही रॉड चालू ठेवून, निदान १५ मिनिटं आधी तापलेला हवा. छोट्या ओटीजीचं बटण पंधरा-वीस अंशांनी खोटं बोलतं, तेव्हा आत टांगायचं साधं थर्मामीटर घेऊन ठेवा. भांडं वरच्या रॉडपासून लांब, खालच्या जाळीवर जाऊ द्या. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १६५ ठेवा, कारण पंख्याची हवा पृष्ठभाग लवकर भाजते.

सफरचंद कढईत असतानाच केकचं मिश्रण करून घ्या. आपली साखर जाड दाण्याची असते. ती मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन बारीक करा, पण पार पीठ करू नका. दाण्यांच्या टोकांमुळे लोण्यात हवा भरते. लोणी बोट दाबलं की खोलगट खूण राहील इतपतच मऊ हवं. उन्हाळ्यात नागपूर-सोलापूरकडे स्वयंपाकघरातच ते तेलासारखं होतं आणि मग कितीही फेसलं तरी हलकं होत नाही. अशा वेळी पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून फेसा. लोणी-साखर पाच मिनिटांत फिकट पांढरी होते. अंडी फ्रिजमधून तासभर आधी काढलेली, फेटलेली, चार हप्त्यांत घाला. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा टाका, सांधतं. उरलेला मैदा आणि बेकिंग पावडर चाळून हलक्या हाताने मिसळा. मिश्रण चमच्यावरून जडपणे खाली पडायला हवं, धारेने नाही. पातळ मिश्रण फोडींच्या फटींतून खाली उतरतं आणि तेच पुढे कच्चं राहतं.

मिश्रण आधी कडेने टाका, काचेला चिकटवा, मग मध्याकडे पसरा. कड उघडी राहिली तर पाक तिथून उसळून केकच्या वर येतो. जाडी दीड सेंटिमीटरहून जास्त नको. वर एक चमचा जाड साखर आणि बदामाचे काप भुरभुरले की पापुद्रा कुरकुरीत होतो.

४० ते ४५ मिनिटं लागतील. पंचविसाव्या मिनिटाला रंग पुरेसा वाटला तर फॉइल सैलसर ठेवा. सुरी सरळ खाली खुपसून तपासू नका. ती सफरचंदात जाते आणि नेहमी ओलीच निघते. मध्यभागी तिरकी घालून केकच्या थरातूनच ओढून काढा. त्याहून खात्रीचं म्हणजे मध्ये चमच्याच्या टोकाने केक जरासा उचलून खाली बघा. पुडिंग आहे, वाढताना तो चमच्यानेच निघणार असतो, तिथे छोटी भेग पडली तर बिघडत नाही. काढलेलं काचेचं भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नका, तडकतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून मग वाढा, तेवढ्यात राहिलेला रस फोडींत परत मुरतो.

आता बिनअंड्याचं. मैदा १२० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, वितळवून कोमट केलेलं लोणी ७० ग्रॅम, ताजं घट्ट दही १२० ग्रॅम, दूध सुमारे ४० मिलिलिटर, बेकिंग पावडर पाऊण टीस्पून, खाण्याचा सोडा पाव टीस्पून. ओलं एकीकडे, कोरडं एकीकडे, आणि दोन्ही एकत्र केल्यावर वीस-पंचवीस वेळा ढवळून थांबा. अंड्याची पकड नसल्यामुळे हा केक जरा जड होतो आणि फळात जास्त बसतो, म्हणून सफरचंद आणखी एक-दोन मिनिटं आटवा. दही आणि सोडा भेटले की लगेच काम सुरू होतं, तेव्हा मिश्रण तयार होण्याआधी भांडं आणि ओव्हन दोन्ही तापलेले पाहिजेत. दही आंबट असेल तर सोडा वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नका, साबणाची चव येते.

यासोबत गरम, ओतता येईल असं कस्टर्ड हवंच. अंडं न खाणाऱ्यांची इथेही सोय आहे. कस्टर्ड पावडर मुळात त्यासाठीच जन्मली. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नव्हती, म्हणून १८३७ मध्ये त्यांनी कॉर्नफ्लोअरवर बिनअंड्याचं कस्टर्ड बेतलं. आपल्याकडची पुण्याच्या वेकफील्डची पावडरही त्याच प्रकारची. अर्धा लिटर दुधाला दीड टेबलस्पून पावडर आणि दोन टेबलस्पून साखर घ्या. पाकिटावरच्या प्रमाणाने केलं तर फ्रूट कस्टर्डइतकं दाट होतं आणि केकमध्ये मुरत नाही. पावडर गार दुधातच कालवा, गरम दुधात थेट टाकली की गुठळ्या होतात.

उरलेलं पुडिंग फ्रिजमध्ये दोन दिवस ठीक राहतं. गरम करताना १५० अंशांवर पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये, वर काहीही न झाकता. मायक्रोवेव्हमध्ये आतून गरम होतं, पण वरचा पापुद्रा मऊ पडतो.