फिनलंडमध्ये असूनही कोकार या बेटांवर स्वीडिश का बोलतात आणि तिथे जुने असे काय आहे?

कोकार ही ओलांड द्वीपसमूहातील जेमतेम दोन-अडीचशे वस्तीची ग्रामीण नगरपालिका आहे. ओलांडचे लोक पिढ्यानपिढ्या स्वीडिशभाषक असल्यामुळे 1921 मध्ये राष्ट्रसंघाने ही बेटे फिनलंडकडे ठेवताना त्यांची भाषा व स्वायत्तता जपण्याची अट घातली, आणि आजही तिथली एकमेव अधिकृत भाषा स्वीडिशच आहे.

वारशाचे म्हणाल तर माझ्या मते पहिला मान हामनो येथील जागेचा. मध्ययुगात तिथे फ्रान्सिस्कन भिक्षूंचा मठ होता. त्याच्या अवशेषांवर 1784 मध्ये दगडी चर्च उभे राहिले, ते संत अॅनाच्या नावाने ओळखले जाते. मठाचे एक तळघर अजून शाबूत असून, समुद्राच्या वाऱ्यातून आत उतरले की त्या जाड दगडी भिंतींचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

त्याहून कितीतरी जुने स्थळ म्हणजे ओटरबोटे. सुमारे 3,000 वर्षांपूर्वी, कांस्ययुगात, सीलची शिकार करणाऱ्यांनी इथे तळ ठोकला होता. त्यांच्या झोपड्यांच्या पायांचे दगडी गोल आजही जमिनीवर ओळखता येतात, आणि उत्खननात सापडलेल्या खापरांचे बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरील खापरांशी असलेले साम्य पाहता ही माणसे बरीच दुरून आली असावीत, असे अभ्यासक मानतात.