आबा कोणाचे?

प्रश्न: आमच्या सासूबाई (वय ६८) रोज पोळ्या लाटताना 'आबा' या स्वीडिश बँडची तीच ती गाणी लावतात. नातू विचारतो, "हे आबा कोणाचे?" बँड तर १९८२ सालीच थांबला. मग एवढी माया कशी टिकते?
– एक सून, डोंबिवली

उत्तर: सूनबाई, नातवाला सांगा, हे कुणाचेच आजोबा नव्हेत. आग्नेथा, ब्यॉर्न, बेनी आणि आनी-फ्रिड या चौघांची ही आद्याक्षरं. (स्वीडनमध्ये याच नावाची मासे डबाबंद करणारी कंपनीही होती!)

आता मायेचं. माझ्याकडे त्यांची एक कॅसेट होती. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. त्या खटाटोपात एका गाण्याचा आवाज एके ठिकाणी कायमचा डगमगू लागला. आज मोबाइलवर तेच गाणं स्वच्छ वाजतं, तरी त्या जागी माझा हात चहाच्या गाळणीवर थबकतो. चहासुद्धा मी गाण्यावरच मोजते: एक गाणं संपलं की गॅस बंद. सासूबाईंच्या पोळ्यांचंही असंच काही गणित असणार, विचारून बघा.

आणि वाट पाहणाऱ्या त्या एकट्याच नाहीत. २०२१ मध्ये, जवळजवळ चाळीस वर्षांनी, नवा अल्बम आला. पुढच्या वर्षापासून लंडनमध्ये चौघांच्या डिजिटल प्रतिमा रंगमंचावर गातात. स्टॉकहोमच्या त्यांच्या संग्रहालयात एक लाल फोन आहे. त्याचा नंबर म्हणे फक्त या चौघांकडे. नातवाला हे नक्की सांगा. आणि हो, आवाज कमी करायला मात्र सांगू नका.