डॅशबोर्डचा सर्व्हर अन्सिबलने उभा करताना

आपली अडचण मला अशी समजली : पतसंस्थेचे मुख्य कार्यालय बेळगावात असून शाखा खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी येथे आहेत. सर्व यंत्रांवर देखरेख ठेवणारा सर्व्हर, म्हणजे यंत्रांचे आकडे गोळा करणारा प्रोमिथियस आणि ते आलेखांच्या पडद्यावर (डॅशबोर्डवर) दाखवणारा ग्राफाना, कोणीतरी हाताने बसवला होता. तो आता अन्सिबलच्या (यंत्रांची मांडणी फाईलींत लिहून आपोआप करवणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने नव्या यंत्रावर उभा करायचा आहे, परंतु पॅकेज बसल्यावर पडदा रिकामाच राहतो.

पॅकेज बसवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अधिकृत रिपॉझिटरी (पॅकेजांचे ऑनलाइन भांडार) जोडावी, आवृत्तीचा क्रमांक व्हेरिएबलमध्ये स्पष्ट लिहावा, आणि ‘लेटेस्ट’ मात्र कधीही लिहू नये, कारण मग आवृत्ती केव्हा बदलायची हे आपल्या हाती राहत नाही. पडदा रिकामा राहण्याचे कारण वेगळे आहे. ब्राउझरमध्ये बसून आपण जे डॅशबोर्ड आणि डेटा सोर्स (आकडे कोठून घ्यायचे याची नोंद) तयार करतो, ते ग्राफाना स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. मुळात तो डेटाबेस म्हणजे एस्क्यूलाइटची एकच फाईल असते आणि प्लेबुकला (अन्सिबलने करायच्या कामांच्या फाईलीला) तिच्यातले काहीही दिसत नाही. २०१८ साली आलेल्या ५.० या आवृत्तीपासून मात्र प्रोव्हिजनिंगची सोय आहे : डेटा सोर्स यामल फाईलमध्ये आणि डॅशबोर्ड जेसॉन फाईलमध्ये (दोन्ही साध्या मजकुराचे ठरावीक साचे) लिहून ठेवले की ग्राफाना सुरू होताना ते वाचून घेतो. म्हणून जुन्या सर्व्हरवरील प्रत्येक डॅशबोर्ड आधी फाईलमध्ये उतरवून गिटमध्ये (फाईलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवावा आणि मगच नव्या यंत्राला हात लावावा.

येथे तीन ठिकाणी हमखास पाय अडकतो. डेटा सोर्सला आपण स्वतः यूआयडी (ओळखखूण) दिला नाही, तर नव्या यंत्रावर तो वेगळा तयार होतो आणि जुन्या यूआयडीकडे बोट दाखवणारे सारे पॅनेल (आलेखांच्या चौकटी) कोरे पडतात. दुसरे असे की, बाहेर कोणाला देण्यासाठीचा पर्याय निवडून डॅशबोर्ड निर्यात केला, तर त्यात डेटा सोर्सच्या जागी रिकामी खूण राहते. हाताने आयात करताना ग्राफाना तिच्याविषयी विचारतो, प्रोव्हिजनिंगमध्ये विचारणारे कोणी नसते. तिसरी अडचण विशेष त्रासदायक आहे. लेजंडमध्ये (आलेखातील रेषांच्या नावांच्या सूचीत) लेबलचे नाव दुहेरी महिरपी कंसांत लिहितात आणि अन्सिबलचा जिंजादेखील (फाईलीत व्हेरिएबलच्या किमती भरणारा भाग) तेच कंस स्वतःचे समजतो. त्यामुळे डॅशबोर्डच्या फाईली ‘टेम्प्लेट’ने (जिंजातून) न पाठवता ‘कॉपी’ने (जशाच्या तशा) पाठवाव्यात. शीर्षके मराठीत किंवा कन्नडमध्ये खुशाल ठेवावीत; यूआयडी आणि फाईलची नावे मात्र साध्या रोमन अक्षरांत असावीत.

पासवर्डच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. कॉन्फिगरेशन फाईलमधील ॲडमिनचा पासवर्ड डेटाबेस प्रथम तयार होताना तेवढा वापरला जातो. पुढे फाईल बदलून प्लेबुक कितीही वेळा चालवले तरी जुनाच पासवर्ड कायम राहतो आणि तो बदलण्यासाठी ग्राफानाची स्वतःची कमांड वापरता येते. डेटा सोर्सचे पासवर्ड ज्या सीक्रेट की ने कूटबद्ध होतात, ती पहिल्या दिवशीच ठरवून अन्सिबल व्हॉल्टमध्ये (गुपिते कूटबद्ध ठेवण्याच्या सोयीत) ठेवावी. जुना डेटाबेस नव्या यंत्रावर आणायचा असेल तर जुनी कीदेखील सोबत आणावी लागेल, अन्यथा ते पासवर्ड उलगडणार नाहीत.

आता शाखांविषयी. कोणत्या यंत्रांवरून आकडे गोळा करायचे ही यादी प्रोमिथियसच्या फाईलमध्ये पुन्हा हाताने लिहू नका. अन्सिबलच्या इन्व्हेंटरीतील (यंत्रांच्या यादीतील) गटावरून टेम्प्लेटने ती तयार करा आणि प्रोमिथियसला फाईल-आधारित शोधाची पद्धत लावून द्या, म्हणजे यादी बदलल्यावर तो पुन्हा सुरू न करता स्वतःच वाचतो. त्या टेम्प्लेटमध्ये शाखेच्या यंत्राचा पत्ता इन्व्हेंटरीतच लिहिलेला असावा, अन्सिबलने यंत्राला विचारून गोळा केलेला नसावा. खानापूरच्या पावसात तिकडची लाइन गेली, तर त्या यंत्राची माहिती मिळत नाही आणि केवळ त्यामुळे बेळगावच्या सर्व्हरवरील काम अपरिभाषित व्हेरिएबलची तक्रार करून थांबते. आणि शाखा बंद पडली आहे हे दाखवण्यासाठीच तर हा सर्व्हर आहे!

ब्राउझरमधून डॅशबोर्ड बदलण्याची मुभा प्रोव्हिजनिंगमध्ये बंदच ठेवावी, असे माझे मत आहे. सुरुवातीला सहकारी कुरकुर करतील, पण मुभा ठेवली तर त्यांनी जतन केलेला बदल फाईलची पुढची आवृत्ती येताच पुसला जाईल आणि ती कुरकुर अधिक रास्त असेल.

शेवटी कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर सारे प्लेबुक दोनदा चालवून पाहा. दुसऱ्या वेळी बदलांची संख्या ० यायला हवी. तशी न आल्यास बहुधा ‘शेल’ने (थेट कमांड चालवून) लिहिलेले एखादे टास्क सापडेल, त्याच्या जागी अन्सिबलचे योग्य मॉड्यूल (त्या कामाचा तयार भाग) वापरा.